भाकरीचा हक्क आणि नियमांची लढाई

१

पाळीचा येसकर संध्याकाळी घुंगराची काठी घेऊन गावात फिरे आणि दारोदारची भाकर गोळा करी. त्या भाकरीला गाव भीक म्हणत नसे. ती वतनातली, हक्काची भाकर होती. महारांचे म्हणून जे बावन्न हक्क सांगितले जात त्यांत सुगीच्या बलुत्यापासून मेलेल्या जनावरापर्यंत सगळे होते. म्हणजे 'हक्क' हा शब्द आपल्या वाडवडिलांना अनोळखी नव्हता. त्यांच्या टोपलीत वरून पडणारा शिळा तुकडाही हक्काचाच होता!

मग या हक्काने त्यांना माणूसपण का दिले नाही? कारण तो हक्क देणाऱ्याच्या मर्जीवर उभा होता. भाकर किती द्यावी, ताजी द्यावी की विटलेली, हातात द्यावी की वरून टाकावी, हे गाव ठरवी. एखाद्या दाराने हाकलून दिले तर दाद मागायला जागा नव्हती. पाटलाकडे जावे तर पाटलाच्याच वाड्यावरून भाकर यायची. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडेच न्याय, अशी ती व्यवस्था होती.

बाबासाहेबांनी या हक्कातली लबाडी नेमकी ओळखली. १९२७ साली महाडच्या परिषदेत त्यांनी उष्टे-शिळे मागणे आणि मृत जनावराचे मांस खाणे सोडण्यास सांगितले. पण ते केवळ उपदेश करून थांबले नाहीत. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले. बलुत्याचे रूपांतर रोख पट्टीत करता यावे, ती सरकारने साऱ्याबरोबर वसूल करावी आणि वतनदाराला त्याचा मोबदला सरकारातून मिळावा, अशी त्यात तरतूद होती. थोडक्यात, महाराचे पोट गावाच्या मर्जीतून काढून नियमाच्या आधाराने उभे करावे, हा त्या विधेयकाचा गाभा होता. ते विधेयक तडीस गेले नाही. कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले.

हा इतिहास सांगण्याचे कारण आजचे आहे. देशात आता अन्नाच्या हक्काचा कायदा आहे. रेशन दुकानावर, शाळेच्या भिंतीवर, अंगणवाडीच्या फलकावर 'हक्क' हा शब्द रंगविलेला आहे. परंतु प्रश्न येसकराच्या काळातलाच आहे. हा हक्क कोणाच्या मर्जीवर उभा आहे? नाकारला गेला तर तक्रार कोणाकडे करायची? तो कोणत्या मुदतीत ऐकणार? या प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या मोठ्या कलमांत फारशी सापडत नाहीत. ती राज्य शासनाने करावयाच्या नियमांत असतात. आणि नियम होत असतात तेव्हा आपली चळवळ बहुधा तेथे हजर नसते. या लेखाचा विषय तोच आहे.

२

'अन्न हा आमचा प्रश्नच नव्हे. आमचा प्रश्न जमिनीचा आणि सन्मानाचा,' असे आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात. रेशनच्या रांगेविषयी बोलणे त्यांना कमीपणाचे वाटते. त्यांनी १९६४ ची सनद पुन्हा वाचावी. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांची सनद सादर केली आणि पुढे देशभर सत्याग्रह होऊन लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या सनदेत पडीक जमीन भूमिहीनांना द्या ही मागणी होती, किमान वेतन कायद्याची पूर्ण अंमलबजावणी करा ही मागणी होती, आणि धान्याचे पुरेसे वाटप करा, वाढत्या किमतींना आळा घाला हीही मागणी होती. दादासाहेब गायकवाडांच्या पिढीने जमीन आणि धान्य यांत भांडण लावले नव्हते. ज्याच्या घरात उद्याचे पीठ नाही तो जमिनीच्या सत्याग्रहात किती दिवस टिकेल, हे त्यांना ठाऊक होते.

१९७२ च्या दुष्काळाने हा प्रश्न सबंध महाराष्ट्रासमोर आणला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभी राहिली आणि लाटणे घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या. ग्रामीण भागात खडी फोडणाऱ्या मजुरांच्या रेट्याने रोजगार हमी योजना रुजली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही योजना आधी शासकीय आदेशावर चालत होती. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागूनही मिळाले नाही तर बेकारी भत्ता, ही गोष्ट कायद्यात आली. आदेशावर चालणारी योजना आणि कायद्याने बांधलेली योजना यांतला फरक महाराष्ट्राच्या मजुराला तेव्हापासून माहीत आहे.

मुंबईत १९९० च्या दशकात रेशनिंग कृती समितीने वस्त्यांमधील बायकांना संघटित करून दुकानांवर पाळत ठेवायला सुरुवात केली. भाव काय लावला, माप किती दिले, धान्य कसे आहे, हे बायकांनी स्वतः तपासायचे. मात्र १९९७ साली केंद्र शासनाने रेशन सर्वांसाठी न ठेवता दारिद्र्यरेषेच्या वर आणि खाली असे दोन तुकडे केले. तेव्हापासून भांडणाची जागाच बदलली. दुकानात धान्य आले का, याआधी आता 'यादीत नाव आहे का' हा प्रश्न उभा राहिला. आणि यादी कोणी करायची? गावातल्याच मंडळींनी.

३

२००१ साली राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामांत धान्य सडत होते. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की, अन्नाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमाचाच भाग आहे. पुढे सोळा वर्षे, २०१७ पर्यंत हा खटला चालला. त्यातूनच अन्न अधिकार अभियान देशभर पसरले.

या खटल्यात न्यायालयाने वेळोवेळी दिलेले अंतरिम आदेश आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करावेत असे आहेत. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शाळेत शिजवलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले. २ मे २००३ च्या आदेशाने सांगितले की, जो दुकानदार दुकान वेळेवर उघडत नाही, जादा दर घेतो, गरिबांची शिधापत्रिका स्वतःजवळ ठेवून घेतो किंवा खोट्या नोंदी करतो, त्याचा परवाना रद्द करा. गरिबाला महिन्याचे धान्य हप्त्याहप्त्याने उचलता आले पाहिजे, हेही त्यात होते. २० एप्रिल २००४ च्या आदेशाने शालेय आहाराचे स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने अंगणवाड्या वाढविताना दलित-आदिवासी वस्त्यांना अग्रक्रम दिला. आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तेथे मागणीपासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे, असे ठरविले.

हे आदेश आकाशातून पडले नाहीत. गावोगाव हिंडून, जनसुनवाया घेऊन, कागद गोळा करून न्यायालयासमोर ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांचे ते फळ होते. दलित संशोधनाचाही त्यात वाटा आहे. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी पाच राज्यांतील ५३१ गावांच्या पाहणीवर आधारलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. रेशन दुकान आणि शाळेचे जेवण यांत जात कशी काम करते, हे त्यातून पुढे आले. दुकान सवर्णांच्या आळीत, दलितांना माप कमी, दर जास्त, वेळ वेगळी, आणि धान्य वरून ओंजळीत टाकायचे! येसकराची टोपली जाऊन पिशवी आली होती. टाकणारा हात तसाच होता.

४

१० सप्टेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. ग्रामीण भागातील पाऊणशे टक्के आणि शहरातील पन्नास टक्के लोकांपर्यंत रास्त दराचे धान्य जावे, अशी त्यात कमाल मर्यादा आहे. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. कायद्यात तांदूळ ३, गहू २ आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत दिले जाते. कुटुंबातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडीलधारी स्त्री ही शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख. गरोदर स्त्रीला आहार आणि किमान ६००० रुपये, बालकांना अंगणवाडीत आणि शाळेत जेवण.

महाराष्ट्रात २०१४ च्या आरंभी हा कायदा लागू झाला आणि राज्याच्या वाट्याला सुमारे ७ कोटी माणसांचा कोटा आला. हा आकडा २०११ च्या जनगणनेवर बसविलेला आहे. त्यानंतर जन्मलेल्यांचा आणि मोडलेल्या घरांचा हिशेब त्यात नाही. 'इष्टांक संपला' हे वाक्य तहसील कचेरीत ज्याने ऐकले नाही असा कार्यकर्ता विरळा.

आता कायद्याची भाषा पाहू. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : 'विहित'. तक्रार 'विहित करण्यात येईल अशा रीतीने आणि अशा मुदतीत' ऐकली जाईल. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी हा शब्द नीट समजून घ्यावा. विहित म्हणजे नियमांनी ठरविलेले. संसदेने तत्त्व सांगितले आणि तपशील राज्याच्या नियमांवर सोपविला. कलम ४० खाली राज्य शासनाला हे नियम करायचे आहेत.

कलम १० प्रमाणे प्राधान्य कुटुंबे कशी ओळखायची याची मार्गदर्शक तत्त्वे राज्याने करायची. कलम १५ प्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी राज्याने नेमायचा किंवा पदनिर्देशित करायचा. कलम १६ प्रमाणे राज्य अन्न आयोग नेमायचा. त्यात किमान दोन स्त्रिया, एक अनुसूचित जातीची आणि एक अनुसूचित जमातीची व्यक्ती असलीच पाहिजे. कलम २८ प्रमाणे सामाजिक अंकेक्षण, कलम २९ प्रमाणे दुकानापासून राज्यापर्यंत दक्षता समित्या, आणि त्यांत अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया व निराधार यांना प्रतिनिधित्व. कलम ३३ प्रमाणे, तक्रार निवारण अधिकाऱ्याने सांगितलेला दिलासा जो अधिकारी कारणावाचून देत नाही त्याला ५००० रुपयांपर्यंत दंड.

कागदावर हे सर्व आहे. प्रत्यक्षात काय झाले? दुष्काळाच्या प्रश्नावर स्वराज अभियानाने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १३ मे २०१६ रोजी न्यायालयाने सांगितले की, दुष्काळी भागात शिधापत्रिका नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नये आणि उन्हाळ्याच्या सुटीतही शाळेचे जेवण चालू ठेवावे. या राज्यांत महाराष्ट्रही होता. परंतु जुलै २०१७ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की तक्रार निवारणाचे नियम करा, अन्न आयोग नेमा, अंकेक्षणाची व्यवस्था लावा. कायदा होऊन चार वर्षे झाली होती. ज्या कायद्याच्या तक्रारी ऐकायला कोणी बसलेलेच नाही, तो कायदा येसकराच्या बावन्न हक्कांपेक्षा वेगळा कसा?

नियम आणि योजना कायद्याला कात्रीही लावतात, हे विसरू नये. कायदा म्हणतो, प्रत्येक गरोदर स्त्रीला किमान ६००० रुपये. २०१७ साली आलेल्या मातृवंदना योजनेने ते ५००० केले आणि पहिल्याच अपत्यापुरते ठेवले. कायद्यातला 'प्रत्येक' हा शब्द योजनेच्या कागदावर गळून पडला. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर तिलाही लाभ जोडला गेला. तरीही 'प्रत्येक' परत आले नाही.

५

आमच्या वस्तीतील एका म्हातारीची गोष्ट सांगतो. ती एकटी राहते, अंत्योदयचे कार्ड आहे. दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "मास्तर, अंगठा उठंना म्हणत्यात. दोन म्हयने झाले, दाणा न्हाई." जन्मभर ऊस तोडून आणि धुणीभांडी करून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, मशीनला ती दिसत नाही. मी अर्ज लिहून दिला, तिच्याबरोबर कचेरीत गेलो. बाबूने अर्ज घेतला. मी पोच मागितली. "पोचेची काय गरज? साहेब बघतील," असे उत्तर आले. मी शिक्षक असून वाद वाढविला नाही, हे येथे कबूल करतो.

परत येताना ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "अर्ज दिला म्हणून नाव तर कापणार न्हाईत ना?"

तिसऱ्या महिन्यात तिचे धान्य सुरू झाले. कसे, ते कळले नाही. मागच्या दोन महिन्यांचे सत्तर किलो धान्य मात्र बुडाले ते बुडालेच.

खरे म्हणजे ते बुडायला नको होते. कायद्याचे कलम ८ सांगते की हक्काचे धान्य पुरविता आले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यावा. केंद्र शासनाने २०१५ साली त्याचे नियम केले. धान्याच्या आधारभूत किमतीच्या सव्वापटीतून कायद्यातला दर वजा करायचा आणि जे उरेल तो किलोमागे भत्ता. २०२५-२६ च्या हंगामात गव्हाची आधारभूत किंमत क्विंटलला २४२५ रुपये होती. त्या हिशेबाने किलोला सुमारे २८ रुपये होतात. पस्तीस किलो गहू धरला तर महिन्याला हजाराला थोडे कमी. परंतु जो त्या महिन्यात दुकानावर गेलाच नाही त्याला भत्ता नाही. आता म्हातारी दुकानावर गेली होती हे सिद्ध कशाने होणार? अंगठा उठला नाही म्हणून मशीनमध्ये नोंद नाही. अर्ज दिला पण पोच नाही. एका चिटोऱ्यावाचून तिचा कायद्याने दिलेला पैसा बुडाला.

'धान्य न मिळाल्यास दुकानदाराने त्याच जागी कारणासह लेखी चिठ्ठी द्यावी. प्रत्येक तक्रारीची तत्काळ पोच द्यावी.' राज्याच्या नियमांत ही एक ओळ असेल आणि पाळली जाईल तर देशातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचे धान्य वाचेल. नियमाची लढाई म्हणजे अशा ओळींची लढाई.

२०१७ साली झारखंडमधील सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. आधारशी जोडणी झाली नाही म्हणून तिच्या घरचे रेशन बंद झाले होते. तिच्या आईने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. कार्ड रद्द करण्याआधी घरी जाऊन चौकशी करा, लेखी नोटीस द्या, एवढा साधा नियम कसोशीने पाळला गेला असता तर काय झाले असते, याचा विचार वाचकांनी करावा.

६

जात या व्यवस्थेत कोठून शिरते, हे आता पाहू.

पहिली जागा यादीची. महाराष्ट्राने २०१३ च्या अखेरीस प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये अशी उत्पन्नाची मर्यादा घातली. ग्रामीण भागात दिवसाला सव्वाशे रुपयेसुद्धा होत नाहीत! प्रामाणिकपणे मजुरी सांगणारा यातून बाहेर पडतो आणि ज्याचे तलाठ्याशी जमते तो आत राहतो. पाल ठोकून राहणाऱ्या भटक्याला, पारध्याला रहिवासाचा पुरावा कोण देणार? उत्पन्नाच्या आकड्याऐवजी भूमिहीन, एकल स्त्री, सफाई कामगार, भटके, अपंग अशा घटकांना आपोआप समाविष्ट करा, अशी अन्न हक्काच्या चळवळीची मागणी राहिली आहे. तिला आपण जोर दिला पाहिजे.

याच संदर्भात एक उदाहरण. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य दिले जात होते. २०२३ साली त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात देण्याचे ठरले. शेतकऱ्याला मिळाले याचे दुःख नाही. पण या योजनेचे दार सातबाऱ्याने उघडते. त्याच गावातल्या, त्याच दुष्काळातल्या, केशरी कार्डाच्या भूमिहीन मजुराला ते दार बंद आहे. भूमिहीन कोण आहे, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. निकष लिहिणाऱ्याने जातीचे नावही काढले नाही आणि काम मात्र जातीचे झाले.

दुसरी जागा दुकानाची. छत्तीसगडने २००४ साली वितरण व्यवस्थेचा आदेश बदलून खाजगी दुकानदारांकडून दुकाने काढली आणि ती ग्रामपंचायती, सहकारी संस्था, स्त्रियांचे बचत गट यांच्याकडे दिली. २०१२ साली, केंद्राच्या आधीच, त्या राज्याने स्वतःचा अन्न सुरक्षा कायदा केला आणि बहुसंख्य कुटुंबांना त्यात घेतले. प्रदेशाचे नियम केंद्राच्या पुढे जाऊ शकतात, याचे हे ठळक उदाहरण होय. केंद्राच्या कायद्यातही परवाना देताना पंचायती, बचत गट, सहकारी संस्था यांना पसंती देण्याची तरतूद आहे. दुकान दलित वस्तीत असावे, परवान्यात दलित स्त्रियांच्या गटाला वाटा असावा, ही मागणी त्या तरतुदीत बसणारी आहे.

तिसरी जागा शाळेच्या चुलीची. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित स्वयंपाकिणीच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले. प्रशासनाने काय केले? नेमणूक रीतसर झाली नाही, असे म्हणून तिलाच काढले. गवगवा झाल्यावर तिला परत घेतले. येथे नियम हा दुधारी असतो हे दिसते. त्याच नियमाच्या आधाराने तिला घालविता येते आणि २००४ च्या आदेशाच्या आधाराने तिला उभेही करता येते. ज्याला नियम माहीत तो जिंकतो.

चौथी जागा तक्रारीची, आणि माझ्या मते ती सर्वांत मोलाची. कायदा म्हणतो, तक्रार निवारण अधिकारी 'नेमावा किंवा पदनिर्देशित करावा'. या 'किंवा'चा फायदा घेऊन बहुतेक राज्यांत महसूल वा प्रशासनातल्याच एखाद्या अधिकाऱ्याला आणखी एक पाटी दिली जाते. ज्या यंत्रणेने यादी केली, दुकानाला परवाना दिला, तिच्याच अधिकाऱ्याने तिच्याविरुद्धची तक्रार ऐकायची. पाटलाच्या वाड्यावरची भाकर आणि पाटलाकडेच फिर्याद!

७

आता करायचे काय?

कलम ४० मध्ये एक अट आहे. तिच्याकडे आपले लक्ष गेलेले नाही. राज्याने नियम करायचे ते 'पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून'. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या २३ व्या कलमात याचा अर्थ सांगितला आहे. नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करायचा, कोणत्या तारखेनंतर तो विचारात घेतला जाईल हे सांगायचे, आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती व सूचनांचा विचार करायचा. नियमात दुरुस्ती करायची असली तरी हीच रीत. हरकत घ्यायला वकील लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, वस्तीच्या सह्या-अंगठ्यांनिशी हरकत पाठविता येते. शासनाने ती मान्य केलीच पाहिजे असे नाही. पण विचारात घेतलीच पाहिजे. पुढे न्यायालयात जावे लागले तर तोच कागद साक्ष देतो. झालेले नियम विधिमंडळासमोर ठेवावे लागतात. तेथे राखीव जागांवर निवडून आलेले आपले आमदार बसतात. त्यांना या नियमांविषयी आपण कधी एक प्रश्न विचारायला लावला आहे काय?

शासन निर्णय आणि नियम यांतला फरकही ओळखावा. शासन निर्णय एका सहीने येतो आणि एका सहीने जातो. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबविला आणि हवे तर लोकसहभागातून द्या असे शाळांना सांगितले. वाडीवरच्या शाळेतला लोकसहभाग म्हणजे काय? ज्यांच्या मुलांना अंडे हवे त्यांच्याच रिकाम्या खिशात हात! ही गोष्ट नियमात असती तर ती काढण्यासाठी मसुदा काढावा लागला असता, हरकती ऐकाव्या लागल्या असत्या.

२०१८ साली धान्याऐवजी रोख पैसे देण्याचा प्रयोग महाराष्ट्रात पुढे आला, तेव्हा अन्न अधिकार अभियानाने त्याला रस्त्यावर उतरून विरोध केला. अशा लढ्यांत कष्टकरी स्त्रिया मोठ्या संख्येने असतात आणि त्यांत दलित-आदिवासी स्त्रिया पुष्कळ असतात. पण नियमाचा मसुदा लिहिणाऱ्या बैठकीत त्या क्वचितच असतात. हा दोष त्या संघटनांचा जितका तितकाच आपलाही आहे. आपण परिषदा भरविल्या, ग्रंथ काढले, जयंत्या केल्या. त्या आवश्यकच होत्या. परंतु दुकानाच्या दक्षता समितीवर वस्तीतले कोणते नाव आहे, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? ती नावे बहुधा कागदावरच असतात. ज्याचे नाव आहे त्यालाही ते ठाऊक नसते.

म्हणून काही सूचना मांडतो. तक्रार तोंडी सांगितली तरी नोंदवून घ्यावी आणि त्याच वेळी पोच द्यावी. मुदत दिवसांत लिहिलेली असावी. सुनावणी जिल्ह्याच्या गावी न होता तालुक्यात किंवा वस्तीत व्हावी. दिवसाची मजुरी बुडवून म्हातारीने जिल्ह्याला जावे हा न्याय नव्हे. तक्रार निवारण अधिकारी पुरवठा आणि महसूल यंत्रणेबाहेरचा असावा. तक्रारदाराचे कार्ड तक्रार चालू असेपर्यंत रद्द करता येऊ नये. सामाजिक अंकेक्षणाची ग्रामसभा होण्यापूर्वी दलित वस्तीत स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक असावे, कारण देवळासमोरच्या सभेत मजूर मालकाविरुद्ध बोलत नाही. आणि धान्य देताना जातीवरून अपमान वा बहिष्कार झाल्याची तक्रार आली तर ती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांकडे पाठविणे त्या अधिकाऱ्यावर बंधनकारक असावे.

यातले काही एखाद्या राज्याच्या नियमांत आधीच असेल, काही नसेल. प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्याने आपल्या राज्याचे नियम मिळवून त्यांच्याशी हे ताडून पाहावे. शिक्षकांनी वस्तीत बसून ते वाचून दाखवावेत. विद्यार्थ्यांनी महिनाभर एका दुकानासमोर उभे राहून कोणाला चिठ्ठी मिळाली, कोणाला नाही, याची वही करावी. त्या वहीतून हरकतीचा कागद तयार होईल.

अन्नाचा हक्क मिळाला म्हणजे जमिनीचा प्रश्न सुटत नाही, जातही जात नाही. पण अर्ज केला तर नाव कापतील या भीतीने जो गप्प बसतो, तो जमिनीसाठीही बोलणार नाही. त्या म्हातारीच्या प्रश्नाला मी त्या दिवशी "नाही कापणार" असे उत्तर दिले. ते उत्तर कोणत्या नियमाच्या आधारावर दिले, असे तिने विचारले असते तर मला सांगता आले नसते. आता मी तिच्यासाठी नवा अर्ज लिहितो तेव्हा शेवटी एक ओळ घालतो : 'या अर्जाची पोच मिळावी.' आणि पोच मिळेपर्यंत आम्ही दोघे बाकावरून उठत नाही.